उतारशाळेतील जागा

नाताळ जवळ आला की आमच्या घरात सर्वांत आधी जागेचा प्रश्न उभा राहतो. सोलापुरातील आमचे घर तीन खोल्यांचे. त्यात आम्ही उभयता, मुलगा, सून, तीन नातवंडे आणि एका निवृत्त शिक्षकाची पुस्तके. करंज्यांचा डबा मुलांच्या हाताला लागणार नाही असा कोठे ठेवावा, पुण्याहून येणाऱ्या मुलीची अंथरुणे कोठे घालावीत आणि कागदी चांदणी कोणत्या खिळ्याला टांगावी, यावर डिसेंबरचा पहिला पंधरवडा मजेत भांडण्यात जातो. गव्हाणीच्या देखाव्याची जागा मात्र ठरलेली आहे. तो शिवणयंत्राच्या झाकणावर मांडावयाचा. यंदा तो मांडता मांडता आमच्या सहा वर्षांच्या धाकट्या नातीने विचारले, "आजोबा, बाळाला गोठ्यात का ठेवलं?" आम्ही सवयीने सांगून टाकले, "उतारशाळेत जागा नव्हती म्हणून." तिने घटकाभर विचार केला आणि म्हणाली, "मग कुणी थोडं सरकलं का नाही?"

पस्तीस वर्षे आम्ही मुलांना प्रश्न विचारण्याचा पगार घेतला. परंतु या प्रश्नापुढे आम्ही निरुत्तर झालो. लूकच्या शुभवर्तमानातील ती कथा आम्ही बालपणापासून ऐकत आलो, रविवारच्या शाळेत कितीदा तरी सांगितली. उतारशाळेच्या मालकाला दोष देणे सोपे होते, तो आम्ही दर वर्षी देत आलो. आत निजलेले जे प्रवासी होते, त्यांच्याकडे आमचे लक्ष कधी गेले नव्हते. ते दुष्ट नव्हते. त्यांनी फक्त अंग चोरले नाही, इतकेच. आणि आमच्याच आयुष्यातील एक संध्याकाळ आठवून आम्हांस त्या निजलेल्यांत आपलाही चेहरा दिसू लागला.

गर्भातील जीव हा देवाने घडविलेला जीव आहे, अशी आमची श्रद्धा आहे. ती आम्ही लपवीत नाही. मरीया अलीशिबेच्या भेटीस गेली तेव्हा अलीशिबेच्या उदरातील बाळाने उडी मारली, असे शुभवर्तमानकार सांगतो. ख्रिस्तजन्माच्या आनंदाची पहिली खूण न जन्मलेल्या बाळाने दिली, हे आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. कॅथलिक धर्मसभेने या बाबतीत अत्यंत ठाम भूमिका घेतलेली आहे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९५ साली या विषयावर स्वतंत्र परिपत्रक काढले होते. इतर ख्रिस्ती मंडळ्यांत मते थोड्याफार फरकाची आहेत. आम्ही ज्या घरात वाढलो तेथे मात्र या गोष्टीची चर्चाही होत नसे. मूल म्हणजे देणगी आणि देणगी परत करावयाची नसते, एवढे आमच्या आईला पुरे होते.

अशा श्रद्धेच्या माणसाने परीक्षेच्या वेळी काय केले, ते आता सांगितले पाहिजे.

गोष्ट तीस वर्षांहून जुनी आहे. आगमनकाळातील एक संध्याकाळ. आमची एक जुनी विद्यार्थिनी आपल्या आईला घेऊन दाराशी आली. मुलीचे लग्न झालेले नव्हते आणि दिवस गेले होते. मुलगा हात झटकून मोकळा झाला होता. गुरुजी काही मार्ग सांगतील, या आशेने त्या मायलेकी आल्या होत्या. आम्ही पवित्र शास्त्र उघडले, आमच्या समजुतीप्रमाणे योग्य ते वचन वाचून दाखविले आणि गर्भाचा जीव घेऊ नका असे कळकळीने सांगितले. आई शांतपणे ऐकत होती. शेवटी तिने विचारले, "नाही घेणार, गुरुजी. पण मग बाळंतपण कुठं करू?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. तेव्हा घर दोन खोल्यांचे होते, मुले लहान होती आणि मंडळीतील लोक काय म्हणतील ही भीती तर सर्वांत मोठी होती. "आम्ही प्रार्थना करू," असे म्हणून आम्ही त्यांना निरोप दिला. चहासुद्धा विचारला नाही. पुढे त्या गाव सोडून गेल्याचे कळले. त्यांचे काय झाले, बाळाचे काय झाले, हे आम्हांस आजतागायत ठाऊक नाही. त्या रात्री आमचे कुटुंब, म्हणजे आमच्या घरच्या माणसाने, भाकरी वाढता वाढता एवढेच म्हटले, "उतारशाळेवाल्यानं जागा नाही म्हटलं. तुम्हीही तेच म्हटलं, पण शास्त्र वाचून म्हटलं."

हे वाक्य आम्ही आजवर बाळगीत आलो आहोत. आणि त्यानेच आम्हांस आपल्या मुलखाचा इतिहास नव्याने वाचावयास लावले.

जीव वाचविण्याचा उपदेश करणारे लोक महाराष्ट्रात कधीच कमी नव्हते. पण बाळंतपण कोठे करावे, या प्रश्नाला ज्यांनी उत्तर दिले ते मोजकेच. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसलेल्या विधवांनी येथे येऊन गुपचूप व सुखरूप बाळंत व्हावे, असे त्यांनी जाहीर केले. अशाच एका विधवेचा मुलगा पुढे त्यांनी दत्तक घेतला, तो यशवंत. आमच्याच सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूरची गोष्ट तर याहून आम्हांस जवळची. यात्रेच्या निमित्ताने येऊन विधवा तेथे बाळंत होत आणि लोकलाजेस्तव तान्ही मुले टाकून जात. लालशंकर उमियाशंकर हे तेव्हा पंढरपुरास न्यायाधीश होते. न्यायासनावर बसून शिक्षा सुनावण्यातच त्यांनी आपले कर्तव्य संपले असे मानले नाही. १८७५ साली त्यांनी अशा मुलांसाठी बालकाश्रम उभा केला. पुढे प्रार्थना समाजाने तो चालविला. विठोबाच्या नगरीत टाकलेल्या लेकरांसाठी पाळणा बांधणारा हा गृहस्थ ख्रिस्ती नव्हता, याची आम्हांस थोडी लाज आणि पुष्कळ आनंद वाटतो.

सोलापूरहून पुण्यास आगगाडीने जाताना दौंड मागे पडले की केडगाव लागते. तेथे पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. रमाबाई स्वतः विधवा, पदरी एक मुलगी. १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदासदन काढले आणि पुढे दुष्काळात उघड्यावर पडलेल्या मुलींना गाड्या भरभरून केडगावास आणले. समाजाने पतित ठरविलेल्या स्त्रियांसाठी त्यांनी तेथे वेगळे कृपासदन काढले. त्या नावातच सारे आले. शब्दाला भिंती, छप्पर आणि चूल लाभली म्हणजे मगच कृपा राहावयास येते.

दुष्काळाचा विषय निघालाच आहे तर घरचीही एक गोष्ट सांगतो. १८९९–१९०० च्या छप्पनच्या दुष्काळात सोलापूर भागात मुले रस्त्यावर पडली होती. अमेरिकन मराठी मिशनने अशा अनेक पोरक्या मुलांना आसरा दिला. आमचे आजोबा त्यांतलेच एक. त्यांना स्वतःचे गाव सांगता येत नव्हते. त्यांचा वाढदिवसही कोणीतरी अंदाजाने वहीत लिहून ठेवलेला. ते म्हणत, "मला कुणी मागितलं नव्हतं, पण कुणीतरी टाकलंही नाही." त्या एका पोराला जेवणाच्या पंक्तीत जागा मिळाली, म्हणून आज त्याचा नातू या पानावर चार ओळी लिहीत आहे. जिवाचा कैवार हा आमच्या घराण्यात सिद्धान्त म्हणून आलेला नाही. तो ऋण म्हणून आला आहे.

आता काळ बदलला आहे. शांतिलाल शाह हे महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री होते. त्यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींवरून १९७१ साली गर्भपाताचा कायदा झाला आणि २०२१ मध्ये त्याची मुदत काही प्रकरणी चोवीस आठवड्यांपर्यंत वाढविण्यात आली. आमची श्रद्धा या कायद्याच्या पुढे थबकते, हे खरे. तथापि चोरून, सुईणीच्या काडीने किंवा भोंदूच्या औषधाने किती स्त्रिया प्राणास मुकत, हे आमच्या पिढीने पाहिले आहे. त्या स्त्रियांचे प्राणही प्राणच होते, हे जो विसरतो त्याने जीवनाच्या नावाने बोलू नये.

पण ज्या पापाला कोणतीही सबब नाही, असे एक पाप आमच्या राज्याने केले आहे. मुलगी आहे एवढ्याच कारणाने गर्भ काढण्याचे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला, केंद्राचा कायदा १९९४ साली आला. तरीही २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे राज्यात ९१३ मुली होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ उरल्या. बीड जिल्ह्यात तर ८०७. हेरोद राजाने बेथलेहेमात मुलगे निवडून मारले, म्हणून त्याचे नाव आम्ही दोन हजार वर्षे शिवीसारखे उच्चारतो. आम्ही मुली निवडल्या आणि वर पेढे वाटले. २०११ सालीच साताऱ्यात 'नकुशी' नावाच्या अडीचशेहून अधिक मुलींची नावे समारंभपूर्वक बदलण्यात आली. फार चांगले झाले. परंतु नाव बदलले तरी जे घर तिला नकुशी म्हणाले त्या घरात तिला पुढे किती जागा मिळाली, हे त्या मुलीच जाणोत.

आमच्या घरात हा प्रश्न सात वर्षांपूर्वी पुन्हा दाराशी आला. या वेळी तो बाहेरून आला नाही. सुनेला तिसऱ्यांदा दिवस राहिले. वय चाळिशीच्या जवळ, बँकेची नोकरी, दोन मुलांच्या शाळेची फी, घराचे हप्ते. मुलगा गप्प गप्प असे. एके रात्री भांडी आवरल्यावर ती आमच्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, तुमचं मत मला ठाऊक आहे. मला एवढंच सांगा, रजा संपल्यावर बाळाला कोण सांभाळेल?"

तीस वर्षांपूर्वीचाच प्रश्न होता तो, फक्त आवाज वेगळा. आम्ही शास्त्र उघडले नाही. आम्ही घरच्या माणसाकडे पाहिले, तिने आमच्याकडे पाहिले. दोघांची मिळून वये एकशे तीसच्या वर. ती म्हणाली, "दिवसा मी, रात्री हे." निर्णय सुनेचा होता आणि तो तिने चार दिवस विचार करून, आपल्या मनाने घेतला. आमचे काम तिच्या प्रश्नाला खरे उत्तर देण्याचे होते. ते आम्ही आयुष्यात पहिल्यांदा दिले.

ते उत्तर स्वस्त नव्हते, हेही प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे. सकाळचे फिरणे बंद झाले, गुडघे वाजू लागले. रात्री दोन वाजता दूध कोमट करताना आम्ही देवाकडे कुरकुर केली नाही असे नाही. कुटुंबाची कंबर अजून दुखते. पण शेजारच्या पद्मशाली आक्कांनी न सांगता डिंकाचे लाडू आणून दिले, जुन्या मऊ साड्यांची दुपटी शिवून दिली आणि दुपारी तासभर बाळाला मांडीवर घेऊन तेलुगूत अंगाई म्हटली. परिणामी आमच्या नातीचा पहिला शब्द मराठी की तेलुगू, यावर आमच्या गल्लीत अजून एकमत झालेले नाही. सोलापुरात घरे लहान असली तरी त्यांच्या भिंती अशा पातळ असतात.

म्हणून आमच्या बांधवांना, आणि केवळ ख्रिस्ती बांधवांनाच नव्हे, आमचे एक सांगणे आहे. जन्माचा कैवार घ्यावयाचा असेल तर तो दवाखान्याच्या दाराशी घेऊ नये. तो आपल्या उंबरठ्याच्या आत घ्यावा. मंडळीत एखादी मुलगी अडचणीत सापडली तर तिच्या नावाची कुजबूज होण्यापूर्वी तिच्या घरी डबा पोहोचावा. ज्या आईला मूल वाढविणे खरोखरच अशक्य असेल तिला गुन्हेगार न मानता वाट दाखवावी. २०१५ च्या बालन्याय कायद्यानुसार तिला बालकल्याण समितीपुढे मूल सोपविता येते, फेरविचाराला साठ दिवस मिळतात आणि त्या मुलाला कायदेशीर दत्तक घर मिळू शकते. हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? आम्हांस त्या संध्याकाळी एवढे जरी सांगता आले असते! त्या काळी हा कायदा नव्हता, पण पंढरपूरचा बालकाश्रम होता, केडगाव होते. आम्ही चौकशीसुद्धा केली नाही.

योसेफाची गोष्ट या दृष्टीने वाचावी. तोही धार्मिक मनुष्य होता. वाग्दत्त वधू गरोदर असल्याचे कळल्यावर तिला गुपचूप सोडून द्यावे असे त्याच्याही मनात आले होते. मग त्याने तिला घरी आणले. त्याचे एकही भाषण शुभवर्तमानात नाही. त्याने जे सांगावयाचे ते दार उघडून सांगितले.

उद्या सकाळी देवळात गर्दी होईल. पाच जणांच्या बाकावर सात जण बसतील, उशिरा आलेल्या एखाद्या लेकुरवाळीकडे पाहून कोणीतरी म्हणेल, "सरका हो थोडं," आणि सारा बाक कुरकुर न करता सरकेल. म्हणजे सरकणे आम्हांस येत नाही असे नाही. बाकावर जे जमते ते घरातही जमावे, आणि आमच्या नातीला तिच्या प्रश्नाचे उत्तर आमच्या हयातीत मिळावे, एवढेच या ख्रिस्तजयंतीला देवापाशी आमचे मागणे आहे.