कर्णा वाजेपर्यंत थांबणारे



मागच्या महिन्यात आमच्या पॅरिशच्या गायनवृंदाच्या बैठकीत एक प्रश्न निघाला, तो अजून मनातून जात नाही. सणांच्या मिस्सेला आपला एक तरुण ट्रॉम्बोन वाजवतो. ट्रॉम्बोन म्हणजे लांब नळी पुढेमागे सरकवून वाजवायचे ते पितळी वाद्य. कोणीतरी म्हणाले, "दीड तासाच्या मिस्सेत हा पाच मिनिटं वाजवतो, बाकी वेळ वाद्य मांडीवर घेऊन बसतो. याच्या शिकवणीची फी पॅरिशने का भरायची? कीबोर्डमध्ये तो आवाज आहेच की!" बरेच जण हसले. तो मुलगा समोरच बसला होता. पुढच्या बैठकीत यावर निर्णय व्हायचा आहे, म्हणून त्याआधी हे लिहीत आहोत.

थांबणे हा ट्रॉम्बोनवादकाच्या कामाचाच भाग आहे. बेथोव्हेनची पाचवी सिंफनी १८०८ मध्ये व्हिएन्नात प्रथम वाजली. तिच्या पहिल्या तीन भागांत तिघा ट्रॉम्बोनवाल्यांना एकही सूर नाही. वीस-पंचवीस मिनिटे ते नुसते बसतात आणि चौथा भाग सुरू होताच तिघे एकदम उठावतात. ब्राम्सची पहिली सिंफनी (१८७६) त्याहून कठीण. तिथे जवळजवळ अर्धा तास थांबायचे आणि मग जोरात नव्हे, तर अगदी हळू, चर्चमधल्या स्तोत्रासारखे वाजवायचे. पहिल्या वादकाला तर त्यातच उंच सूर. वाद्य थंड झालेले, ओठही थंड, आणि मध्ये एकदा फुंकून बघायची सोय नाही. मनातल्या मनात बार मोजत राहायचे. मोजणी चुकली की सगळ्या सभागृहाला कळते.

हे एका दिवसात येत नाही. पियानोची पट्टी दाबली की सूर मिळतो. ट्रॉम्बोनच्या नळीला सात जागा, पण त्यांवर खूण एकही नाही. जागा कानाने शोधायची. म्हणून शिकणाऱ्याची वर्षे एकच सूर श्वास पुरेल तोवर धरण्यात जातात. शेजाऱ्यांना त्याचा त्रास होतो हे आम्हाला ठाऊक आहे, तक्रारी आमच्याकडेच येतात! पुढे बहुतेकांच्या हाती एक पुस्तक येते. बोर्दोनी या इटालियन गायनशिक्षकाने गायकांसाठी लिहिलेले पाठ रोशू नावाच्या ट्रॉम्बोनवादकाने १९२८ मध्ये आपल्या वाद्यासाठी छापले. म्हणजे आधी गायला शिकायचे, मग वाजवायला.

आणि एवढे करून नोकरी? मोठ्या वाद्यवृंदातही ट्रॉम्बोनच्या खुर्च्या तीन-चार. एक रिकामी झाली की कितीतरी उमेदवार येतात आणि बऱ्याच ठिकाणी पडद्याआड वाजवून दाखवतात. तिथे हमखास मागितला जाणारा एक तुकडा मोझार्टच्या 'रेक्विएम'मधला, शेवटच्या न्यायाचा कर्णा वाजतो तिथला. आपल्या बायबलात 'कर्णा' आहे, तिथे ल्यूथरच्या जर्मन बायबलात 'पोझाउने' आहे, आणि जर्मनमध्ये आज ट्रॉम्बोनला हाच शब्द आहे. मोझार्टने तिथे ट्रॉम्बोन का घातला, याचे मग नवल वाटत नाही.

सगळ्यांनी गप्पच बसावे असे आम्ही म्हणत नाही. स्वीडनच्या क्रिस्टियन लिंडबर्गने सतराव्या वर्षी ट्रॉम्बोन हाती घेतला, एकोणिसाव्या वर्षी तिथल्या राजेशाही ऑपेराच्या वाद्यवृंदात जागा मिळवली आणि विसाव्या वर्षी ती सोडून एकल वादक व्हायला निघाला. ट्रॉम्बोनवर एकट्याने पोट भरेल असे तेव्हा फार थोड्यांना वाटत असेल. आमच्या म्हणण्याला हे उदाहरण थोडे आडवे येते, हे कबूल. पण ती खुर्ची त्याने स्वतः सोडली. कोणी त्याच्याखालून ओढून घेतली नव्हती.

आपला वेदीसेवक मिस्साभरात किती वेळा घंटा वाजवतो? त्याची सेवा आपण मिनिटांवर मोजत नाही. मग या मुलाचीच का मोजावी? कीबोर्डचे बटण थंड पडत नाही, त्याला वाट पाहावी लागत नाही, आणि ते चुकले तर कोणाला लाजही वाटत नाही. प्रभूपुढे आपण बटण ठेवायचे की मुलगा?

बैठकीनंतर आम्ही त्याला विचारले, "बाळा, एवढा वेळ बसून काय करतोस रे?" तो म्हणाला, "बार मोजतो, सर. आणि बासवाल्यांचं मनात गातो, म्हणजे माझा सूर कुठून उचलायचा ते कळतं."

त्याचे शिक्षक महिन्यातून दोनदा गोव्याहून येतात. त्यांची फी आणि बसभाडे मिळून वर्षाला जे होते, ते गेल्या फेस्ताच्या रोषणाईच्या बिलापेक्षा कमी आहे. दोन्ही कागद आम्ही बैठकीत ठेवणार आहोत. शिवाय मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी पॅरिश हॉलची किल्ली त्याला द्यावी, असेही फादरांना सुचवणार आहोत. हॉलच्या भिंती जाड आहेत.