एकोणीस वर्षांनंतरचा संसार

२१ जुलै २००७ रोजी हॅरी पॉटर मालेतले सातवे आणि शेवटचे पुस्तक प्रसिद्ध झाले. लंडनच्या दुकानांपुढे मध्यरात्री रांगा लागल्या होत्या. एकट्या अमेरिकेत पहिल्या चोवीस तासांत ८३ लाख प्रती खपल्या. पुस्तक वाचून होताच चाहत्यांत वाद पेटला, तो मात्र अखेरच्या मोजक्या पानांवरून.

काय आहे या पानांत? युद्ध संपून एकोणीस वर्षे लोटली आहेत. हॅरी आणि जिनी, रॉन आणि हर्मायनी आपापल्या मुलांना शाळेच्या गाडीत बसवायला स्टेशनवर आले आहेत. इतकेच. अनेकांना हा शेवट मिळमिळीत वाटला. फ्रेड गेला, ल्युपिन गेला. मागे राहिलेल्यांनी ते दुःख कसे पचवले, याविषयी अवाक्षर नाही, जोड्या मात्र नीट जुळवून दिलेल्या! काहींनी तर ही पाने लिहिलीच गेली नाहीत असे धरून स्वतःच्या कथा रचल्या.

ही कुरकुर कृतघ्नपणाची नव्हे. पहिले पुस्तक आले १९९७ मध्ये. तेव्हा हॅरीसारखाच अकरा वर्षांचा असलेला वाचक २००७ मध्ये एकवीस वर्षांचा होता. त्याचे स्वतःचे आयुष्य पुढे मोकळे पसरलेले असताना, सोबत्याचे आयुष्य मात्र लेखिकेने चटकन मिटवून टाकले. दहा वर्षांचे खाते असे एका सहीने बंद झाले, तर ठेवीदाराला चुटपुट लागणारच.

तरीही मला लेखिकेची बाजू पटते. पहिल्याच पुस्तकात मनातली सर्वांत खोल इच्छा दाखवणारा एक आरसा आहे. त्यात या पोरक्या मुलाला ना संपत्ती दिसते, ना पराक्रम. दिसतात आई-वडील आणि घरची माणसे. जिन्याखालच्या कपाटात वाढलेल्या मुलाने बाप होऊन आपल्या लेकाला निरोप द्यावा, याहून मोठा विजय कोणता? विशीतल्या वाचकाला संसार म्हणजे गोष्टीचा शेवट वाटतो. पोरक्याला तीच सुरुवात असते.

पुढे २०१४ मध्ये खुद्द रोलिंगबाईंनीच रॉन-हर्मायनीच्या जोडीविषयी शंका बोलून दाखवली, आणि २०१६ मध्ये त्याच स्टेशनवरून सुरू होणारे नाटक लंडनच्या रंगमंचावर आले. दार लेखिकेलाही पुरते लावता आले नाही. मग वाचकांनी ते ढकलले, तर बिघडले कुठे?

तेव्हाचे ते वाचक आज त्या पानांतल्या हॅरीपेक्षाही वयाने मोठे झाले आहेत. मुलांना शाळेत पोहोचवून परतताना त्यांनी ती पाने पुन्हा एकदा वाचावीत. कदाचित आता ती मिळमिळीत वाटणार नाहीत.