हुज्जत कुणाशी?

शिबिर संपलं की आम्ही कार्यकर्त्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आठवणीदाखल काहीबाही घ्यायला धावतो. दुकानात छापील किंमत मुकाट मोजणाऱ्या आम्ही, जमिनीवर बसलेल्या बाईशी मात्र मातीच्या मडक्यापायी १० रुपयांवरून हुज्जत घालतो. मीही घातली. तिच्या भावात बसभाडं, पालिकेचा सोपो, फुटलेला माल, दिवसभराचं ऊन असतं. (लघवी दाबून बसणं कुठल्याच हिशेबात नाही!)

२०१४ च्या पथविक्रेता कायद्यानं नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के जागा विक्रेत्यांना आणि त्यांतल्या एक तृतीयांश बायांना दिल्या. बहिणींनो, या जागांसाठी आपण कधी हुज्जत घातली? परतल्यावर मी आमच्या पालिकेत चौकशी केली. कारकून म्हणाले, “कसली समिती?”