बाळाची नाताळभेट

नाताळचा सण जवळ आला म्हणजे घरोघर भेटींचा विचार सुरू होतो. मोठ्यांच्या आवडी ठाऊक असतात. शाळेंत जाणारीं मुलें आपल्या इच्छा न विचारतांच कळवितात. अडचण पडते ती वर्षा-दोन वर्षांच्या, नुकत्याच दुडुदुडु चालूं लागलेल्या बाळाची. त्याला बोलून सांगतां येत नाहीं, म्हणून आपण त्याच्या नांवानें स्वतःचीच हौस भागवितों. पुढें काय होतें तें सर्वांस ठाऊक आहे. विजेरीवर धांवणारी मोटार चार दिवसांनीं कपाटावर जाते, आणि ती ज्या खोक्यांतून आली त्या खोक्याशीं बाळ रमून जातें.

बाळाची ही निवड शहाणपणाची आहे. भरणें, ओतणें, उघडणें, झांकणें, ढकलणें, रचणें आणि पाडणें हाच ह्या वयाचा अभ्यास होय. मोटार आपण होऊन धांवते व बाळास नुसतें पाहत बसावें लागतें. खोकें स्वतः कांहींच करीत नाहीं, म्हणून सर्व कांहीं बाळालाच करावयास मिळतें. खेळणें निवडतांना हीच कसोटी लावावी, असें आमचें मत आहे.

बालोद्यानाचे जनक फ्रोबेल ह्यांनीं हें मर्म फार पूर्वीं ओळखलें होतें. १८३७ सालीं जर्मनींतील ब्लांकेनबुर्ग येथें त्यांनीं बालशिक्षणाचें कार्य आरंभिलें. लहानग्यांसाठीं योजिलेल्या साधनांस त्यांनीं 'देणग्या' असेंच नांव दिलें. पहिली देणगी लोंकरीच्या सहा रंगीत चेंडूंची. दुसरी लाकडी गोल, ठोकळा व दंडगोल ह्यांची. आपल्याकडे ताराबाई मोडक ह्यांनीं १९४५ पासून बोर्डी येथें बालवाडीचें काम केलें, तेव्हां परिसरांत मिळणाऱ्या साध्या वस्तूंचाच उपयोग केला. आपल्या सुतारांचा पांगुळगाडाहि ह्याच जातीचा. मूल ढकलील तेव्हांच तो चालतो.

तेव्हां कापडी चेंडू, दोरीनें ओढावयाची गाडी, एकांत एक बसणाऱ्या वाट्या, जाड पुठ्ठ्याचें चित्रांचें पुस्तक, ह्यांपैकीं एखादी वस्तु पुरे. मात्र ह्या वयाचें मूल प्रत्येक वस्तु तोंडांत घालतें, हें विसरूं नये. तीन सेंटिमीटरांहून किंचित् अधिक व्यासाच्या नळींत मावेल असा सुटा भाग तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांत नसावा, असा सुरक्षिततेचा नियम आहे. बटणाएवढी विजेरी गिळली गेली तर दोन तासांतच अन्ननलिकेस गंभीर इजा होऊं शकते. अशी शंका येतांच क्षणाचाहि विलंब न लावतां इस्पितळ गांठावें.

कोणी म्हणेल, "इतकी साधी भेट दिली तर लोक आम्हांस कृपण म्हणतील." मागी लोकांनीं तर बाळ येशूपुढें सोनें, ऊद आणि गंधरस ठेविला! परंतु तें राजाला केलेलें वंदन होतें, खेळणें नव्हे. आपल्या घरच्या बाळाला किंमत कळत नाहीं. आपल्याजवळ बसून कोण खेळतो, एवढें मात्र त्यास पक्कें कळतें. ज्या पालकांस ऋण काढून सण साजरा करावा लागतो, त्यांनीं तरी बाळाच्या भेटीसाठीं स्वतःस कष्टी करून घेऊं नये.

विद्यार्थिमित्रांनो, येथें तुमचें काम आहे. जुन्या लुगड्याच्या चिंध्या घट्ट बांधून व वरून नीट शिवून तुम्हांस उत्तम चेंडू करतां येईल. तो धाकट्या भावंडास द्या, आणि सुटींत रोज अर्धा तास त्याच्यासमोर बसून तो त्याच्याकडे घरंगळत सोडा. तो चेंडू कपाटावर जाणार नाहीं.