तारेचा रोध नगण्य मानू नका

विद्यार्थीमित्रहो, धाराविद्युत या प्रकरणातील उदाहरणे सोडविताना एक वाक्य तुमच्या नजरेखालून अनेकदा गेले असेल: ‘जोडणीच्या तारांचा रोध नगण्य मानावा.’ मी स्वतः हे वाक्य फळ्यावर किती वेळा लिहिले याची मोजदाद नाही. वाशीमसारख्या जिल्ह्यात, जिथे वर्गातील निम्म्याहून अधिक मुले शेतकऱ्यांच्या घरची असतात, तिथे हे वाक्य सरसकट लिहिणे चूक आहे, असे आता माझे स्पष्ट मत झाले आहे. त्याचे कारण सांगतो.

काही वर्षांपूर्वी बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत रिसोडकडचा एक विद्यार्थी तोंडी परीक्षेसाठी माझ्यासमोर उभा होता. मीटर ब्रिजचा प्रयोग त्याने बिनचूक केला होता, वहीही नेटकी होती. सहज म्हणून विचारले, “शेतात मोटार आहे का?” म्हणाला, “आहे सर, पण या रब्बीत दोनदा जळली.” “कशाने?” “व्होल्टेज कमी राह्यते म्हून.” मी पुढच्या विद्यार्थ्याला हाक मारणार, तेवढ्यात त्यानेच मला प्रश्न टाकला. “पण सर, ओहमच्या नियमानं व्होल्टेज कमी झालं तं करंट बी कमीच व्हाले पाहिजे ना? मंग मोटार काहून जळते?”

परीक्षकाने विचारायचा प्रश्न परीक्षार्थ्याने विचारला होता! घाईघाईत मी काहीतरी उत्तर दिले. ते चुकीचे नव्हते, पण मुलाचे समाधान झाले नाही हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते. त्याचे राहिलेले उत्तर आज येथे देतो.

प्रथम व्होल्टेज कमी का होते ते पाहू. गावात ज्याला सगळे ‘डीपी’ म्हणतात, तो रोहित्राचा खांब शेताच्या एका टोकाला असतो. तेथे 11,000 व्होल्टचा दाब उतरवून दोन फेजमध्ये सुमारे 400 व्होल्ट व फेज आणि न्यूट्रल यांत सुमारे 230 व्होल्ट केला जातो. तेथून ॲल्युमिनियमच्या तारा विहिरींकडे निघतात. समजा तारेतील ॲल्युमिनियमचा छेद 20 चौरस मिलिमीटर आहे. ॲल्युमिनियमची रोधकता 2.8×10⁻⁸ ओहम-मीटर धरा आणि एक किलोमीटर तारेचा रोध स्वतः काढा. उत्तर 1.4 ओहम येईल. एवढासा रोध! पुस्तकातील सवयीने आपण तो सोडून देऊ.

पण सोडू नका. डीपीपासून 300, 600 आणि 900 मीटरवर विहिरी आहेत आणि प्रत्येक ठिकाणी पाच अश्वशक्तीचे दोन पंप चालू आहेत, असे माना. असा एक पंप प्रत्येक फेजमधून सुमारे 8 अँपिअर धारा घेतो. म्हणजे एका ठिकाणी 16 अँपिअर. तिन्ही फेजवर सारखा भार असेल तर न्यूट्रलमधून धारा वाहत नाही. त्यामुळे एका फेजच्या एका तारेचा विचार पुरे. 300 मीटरच्या एका तुकड्याचा रोध 0.42 ओहम.

आता किरचॉफचा पहिला नियम लावायचा. जंक्शनपाशी येणारी धारा आणि निघणारी धारा सारखीच. शेवटच्या तुकड्यातून 16 अँपिअर जातात, मधल्यातून 32, आणि डीपीला लागून असलेल्या पहिल्या तुकड्यातून सगळ्यांची मिळून 48. ओहमच्या नियमाने पहिल्या तुकड्यावर विभवाचा ऱ्हास 20 व्होल्ट, दुसऱ्यावर साडेतेरा, तिसऱ्यावर पावणेसात. बेरीज सुमारे 40 व्होल्ट. शेवटच्या विहिरीवर 230 च्या जागी 190 व्होल्ट उरले. स्टार्टरच्या पेटीवरील व्होल्टमीटर दोन फेजमधला दाब दाखवतो. तो 400 ऐवजी 330 च्या आसपास दाखवील. (प्रत्यावर्ती धारेत तारेच्या प्रेरकत्वाचाही थोडा वाटा असतो. तो मी सोडला आहे, पण रोध सोडलेला नाही.)

या आकड्यांकडे पुन्हा एकदा पाहा. एकूण ऱ्हासापैकी निम्मा ऱ्हास पहिल्याच तुकड्यावर झाला आहे. शेवटच्या शेतकऱ्याने पदरचे पैसे घालून आपल्या बांधाजवळची तार दुप्पट छेदाची केली, तर त्याला जेमतेम सव्वातीन-साडेतीन व्होल्ट परत मिळतील. तोच खर्च सर्वांनी मिळून डीपीजवळच्या तुकड्यावर केला तर 10 व्होल्ट वाचतील, आणि तेही सर्वांचे. बांधावरची भांडणे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. ‘त्याने मोटार लावली की माझी बसते’ ही तक्रार खरी असते, आणि गंमत म्हणजे उलट बाजूचीही तितकीच खरी असते. शेवटच्या विहिरीची धारादेखील पहिल्या तुकड्यातूनच जाते, त्यामुळे सर्वांचाच दाब तीही उतरवते. नववीतला मुलगा हे गणित कागदावर मांडून घरी दाखवू शकतो.

आता त्या मुलाचा खरा प्रश्न. ओहमचा नियम धातूच्या तारेला लागू पडतो. फिरणारी मोटार ही तार नव्हे. फिरताना मोटारीत पुरवठ्याच्या विरुद्ध दिशेने विद्युतगामक बल निर्माण होते आणि तेच तिच्यातील धारेला आवर घालते. दाब उतरला तरी विहिरीतले पाणी तेवढ्याच उंचीवर चढवायचे असते. काम जवळजवळ तेवढेच राहते. मोटारीचा वेग किंचित मंदावतो, विरोधी बल घटते आणि तेवढे काम उरकण्यासाठी मोटार जास्त धारा ओढते. दाब 230 चा 190 झाला तर धारा सुमारे 1.2 पट होते. वेटोळ्यातील उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे जवळजवळ दीडपट. शिवाय वाढलेल्या धारेने तारेवरील ऱ्हास आणखी वाढतो आणि दाब आणखी उतरतो. गहू-हरभऱ्याला पाणी देताना रात्रभर हे चालले की वेटोळ्यावरचे वार्निश करपते, आणि मोटार रिवायंडिंगच्या दुकानात जाते. ओहमचा नियम कुठे लावायचा आणि कुठे नाही, हे न शिकविता तो पाठ करून घेणे ही आम्हा शिक्षकांची चूक आहे.

त्यावरचा उपायही याच गणितात दडलेला आहे. दाब वाढविला की तेवढ्याच शक्तीसाठी धारा कमी लागते. 400 ऐवजी 11,000 व्होल्टची तार थेट विहिरीजवळ नेली तर तारेतील धारा साडेसत्तावीस पटींनी घटते. महाराष्ट्रात 2018 साली कृषिपंपांसाठी एका-दोघा शेतकऱ्यांमागे एक लहान रोहित्र देण्याची जी उच्चदाब वितरण प्रणाली आली, तिच्यामागचे भौतिकशास्त्र एवढेच आहे. पंपाशेजारी योग्य क्षमतेचा कपॅसिटर बसविल्यानेही तारेतील धारा कमी होते. पुष्कळ ठिकाणी तो जोडलेलाच नसतो.

एक उदाहरण गावातल्या वस्तीचे. वादळात न्यूट्रलची तार तुटली की काही घरांतले दिवे मंदावतात आणि काही घरांतले टीव्ही जळतात. लोक म्हणतात, लाइन ‘डबल’ आली. खरे तर दोन वेगवेगळ्या फेजवरील दोन घरे अशा वेळी 400 व्होल्टवर एकसर जोडणीत सापडतात. एका घरात 1000 वॅटचा हीटर चालू आहे, म्हणजे रोध सुमारे 53 ओहम. दुसऱ्या घरात फक्त 100 वॅटचा दिवा, रोध 529 ओहम. विभवाची वाटणी करून पाहा: हीटरवर 36 व्होल्ट, दिव्यावर 364! ज्याच्या घरी वापर कमी त्याचेच नुकसान जास्त. हे उदाहरण नववीच्या परीक्षेत का विचारू नये?

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना माझे सांगणे असे की, प्रयोगशाळेत साहित्य नाही ही सबब येथे चालणार नाही. फवारणीच्या पंपाची 12 व्होल्टची बॅटरी आणा. मोटारसायकलच्या इंडिकेटरचे 12 व्होल्ट, 10 वॅटचे तीन दिवे घ्या. गवंडी सळया बांधायला वापरतात ती लोखंडी बाइंडिंग वायर घ्या; तिच्या तीन मीटर तुकड्याचा रोध सुमारे अर्धा ओहम भरतो. असे तीन तुकडे एकापुढे एक जोडून प्रत्येक तुकड्याच्या शेवटी एकेक दिवा लावा, परतीची तार तांब्याची जाड ठेवा आणि बॅटरीच्या टोकाला फ्यूज घाला. हा झाला तुमचा डीपी आणि या तुमच्या तीन विहिरी. मल्टिमीटरने मोजल्यास पहिल्या तुकड्यावर सव्वा व्होल्टच्या आसपास, दुसऱ्यावर पाऊण आणि तिसऱ्यावर अर्ध्याहून कमी ऱ्हास दिसतो. शेवटचा दिवा नुसत्या डोळ्यांनाही मंद दिसतो. मधला दिवा काढला की शेवटचा उजळतो. मुले त्या वेळी ओरडतात, त्यांना ओरडू द्यावे. मात्र हे सर्व 12 व्होल्टवरच. घरातल्या किंवा शेतातल्या लाइनवर मल्टिमीटर घेऊन जाण्याचे धाडस कोणाही विद्यार्थ्याने करू नये.

ओहमने आपला नियम 1827 साली पुस्तकरूपाने मांडला तेव्हा तो शाळेत शिकवून पोट भरत आलेला माणूस होता, आणि 1845 मध्ये किरचॉफने आपले नियम मांडले तेव्हा तो एकवीस वर्षांचा विद्यार्थी होता. तुमच्या थोरल्या भावाच्या वयाचा.

रिसोडचा तो मुलगा नंतर मला भेटला नाही. पण त्या वर्षापासून मी प्रश्नपत्रिका काढताना ‘तारांचा रोध नगण्य मानावा’ असे लिहीत नाही. त्याऐवजी तारेची लांबी आणि जाडी देतो. पहिल्या वर्षी मुलांनी तक्रार केली की उदाहरणे लांबतात. ती लांबतात हे खरे आहे.