प्रवासाची शिदोरी : टेनेरिफे बेट आणि घरांतील वडील माणसें

गेल्या महिन्यांत नागपूरच्या एका वाचकभगिनीचें पत्र आलें. त्यांचे धाकटे दीर लंडनला नोकरीस असतात. येत्या हिवाळ्यांत सर्व मंडळींनीं त्यांच्याकडे जमावें व तेथून आठ दिवस कोठें तरी उन्हाच्या जागीं जावें, असा बेत ठरला आहे. आणि दिरांनीं सुचविलेली जागा म्हणजे स्पेनच्या राज्यांतील टेनेरिफे हें बेट. पत्रांत प्रश्न पुष्कळ आहेत. परंतु खरा प्रश्न शेवटच्या चार ओळींत आहे. "सासूबाईंचें वय चौऱ्याहत्तर आहे. कांदा-लसूण त्यांना चालतो, पण अंडें चालत नाहीं. घरांत कुजबूज अशी, कीं त्यांना वन्संकडे ठेवून आपण जावें. त्या स्वतः कांहींच बोलत नाहींत. न्यावें कीं न न्यावें ?"

आमचें मत प्रथमच सांगून टाकतों : न्यावें. मात्र त्यांना नेण्याची तयारी आजपासून करावी लागेल, आणि ती सामानाची नव्हे, कागदपत्रांची. हें इतक्या आग्रहानें लिहिण्याचें कारण आमच्या घरचेंच आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं आम्हीं मातोश्रींना घेऊन इंग्लंडांत बंधूंकडे गेलों होतों. तेथून स्पेनला जावयाचें, व त्या देशाचा प्रवेश-परवाना लंडनमध्येंच काढावयाचा, असा आमचा हिशेब. बंधू तेथील रहिवासी. त्यांचें काम विनासायास झालें. आमचें स्वतःचें काम मुंबईसच होऊन गेलेलें होतें. मातोश्रींचा अर्ज मात्र "वेळ आहे, तिकडे गेल्यावर पाहूं" म्हणून राहिला होता. लंडनच्या कचेरींत उत्तर मिळालें, कीं बाई येथें पाहुण्या आहेत. ज्या देशांत त्या राहतात तेथूनच त्यांनीं अर्ज करावा. कचेरीचें कांहीं चुकलें नव्हतें. नियमच तसा आहे, व तो न वाचणारे आम्हीं. तिकिटांचे पैसे गेले तें एक असो. मातोश्री आठ दिवस बंधूंच्या घरीं खिडकीशीं बसून राहिल्या. परत आल्यावर आम्हीं छायाचित्रें दाखविलीं. त्यांनीं तीं एकेक करून नीट पाहिलीं आणि म्हणाल्या, "एवढें ऊन होतें तर माझी छत्री तरी न्यायची होतीत." पुढच्या वर्षीं त्यांचे गुडघे गेले. तो प्रवास राहिला तो राहिलाच.

तेव्हां सासूबाईंचा अर्ज भारतांतूनच, सर्वांच्या अर्जांबरोबर करावा. कानरी बेटें आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ असलीं तरी शेंगेन व्यवस्थेंत मोडतात. म्हणून इंग्लंडचा परवाना हातीं असला तरी हा दुसरा परवाना वेगळाच लागतो. प्रवासाच्या तारखेपूर्वीं सहा महिन्यांपासून अर्ज घेतात, आणि निदान पंधरा दिवस आधीं तो द्यावाच लागतो. पण पंधरा दिवसांवर कोणीं विसंबूं नये, दोन-अडीच महिने हातीं ठेवावे. जून २०२४ पासून मोठ्या माणसास ९० युरो शुल्क आहे, शिवाय मध्यस्थ कचेरीचा आकार. तीस हजार युरोंपर्यंतच्या औषधोपचाराचा विमा सक्तीचा आहे. वडील माणसांच्या विम्यांत पूर्वींच्या दुखण्यांचा खर्च धरला आहे किंवा नाहीं, तें बारीक अक्षरांतील मजकूर वाचूनच ठरवावें; रक्तदाबाचा उल्लेख लपविण्याचा मोह तर कोणींही धरूं नये. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सरहद्दीवर बोटांचे ठसे व चेहऱ्याचें छायाचित्र घेण्याची पद्धत सुरू झाली आहे. तेथें रांगेंत उभें राहावें लागतें, म्हणून विमानतळावर चाकांची खुर्ची तिकिटाबरोबरच मागून ठेवावी. त्यांत कमीपणा नाहीं.

आतां बेटाविषयीं. टेनेरिफे हें कानरी बेटांतील सर्वांत मोठें. क्षेत्रफळ सुमारें २,०३४ चौरस किलोमीटर. अक्षांश जवळजवळ दिल्लीचा, पण हवा दिल्लीची नव्हे. चोहोंकडे समुद्र असल्यामुळें डिसेंबर-जानेवारींतही किनाऱ्यावर दुपारीं वीस-बावीस अंशांची ऊब असते. लंडनहून विमानास साडेचार तासांच्या आसपास लागतात. बेटावर विमानतळ दोन आहेत, एक उत्तरेस व एक दक्षिणेस, आणि त्यांच्यांत साठ-सत्तर किलोमीटरांचें अंतर आहे. तिकीट काढतांना कोणता विमानतळ तें पाहिलें नाहीं, तर रात्रीच्या वेळीं मुलाबाळांसह मोटारीचें मोठें भाडें भरावें लागतें. घड्याळ इंग्लंडप्रमाणेंच ठेवावें. स्पेनच्या मुख्य भूमीहून येथील वेळ एक तासानें मागें आहे.

राहावें कोठें, यावर आमचें स्पष्ट मत आहे. उत्तरेकडील पुएर्तो दे ला क्रूझ हें जुनें, हिरवें व अधिक शोभिवंत. परंतु ईशान्येकडून येणारे वारे ढग आणून त्याच बाजूस अडवितात, आणि रस्ते चढउताराचे आहेत. दक्षिणेस पाऊस क्वचित, डोंगर उघडेबोडके, पण ऊन हमखास. ज्यांच्या घरांत वयस्क माणूस आहे त्यांनीं दक्षिणेकडील लोस क्रिस्तियानोस निवडावें. तेथील समुद्रकांठची फिरण्याची वाट सपाट व लांब आहे, जागोजागीं बसण्यास बाकें आहेत, आणि चाकांची खुर्ची सहज जाते. हें गांव पूर्वीं कोळ्यांचें होतें. १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून स्वीडनमधील रुग्ण हवापालटासाठीं येथें येऊं लागले, त्यामुळें अशा सोयींकडे येथें लवकर लक्ष गेलें. हॉटेलांतील दोन खोल्यांपेक्षां स्वयंपाकघरासह घर भाड्यानें घ्यावें. भिंतीपलीकडे सासूबाईंना वरण-भाताचा कुकर लागल्याचें ऐकूं आलें, कीं निम्मा परदेश सरतो.

जेवणाची धास्ती पुष्कळांस असते. ती निराधार नाहीं, पण अतिशयोक्तीची आहे. येथील मूळ रहिवासी ग्वांचे लोक जवाचें भाजून दळलेलें पीठ खात. त्यास गोफियो म्हणतात व तें आजही घरोघर आहे. आपलें सातूचें पीठच तें. दूध-साखर घालून दिल्यास सासूबाई ओळखतील. मात्र खाणावळींत तेंच पीठ माशांच्या पाण्यांत शिजवून देतात, तें विचारल्यावांचून घेऊं नये. मिठाच्या पाण्यांत सालासकट उकडून सुरकुतलेले बटाटे येथील खास पदार्थ. त्यांबरोबर येणारी मोहो नांवाची चटणी म्हणजे हिरवी असल्यास कोथिंबीर, लसूण, जिरें, तेल व सिरका, आणि लाल असल्यास मिरची. हें पान कोणत्याही ब्राह्मण घरांत चालावें. केळीं बुटकीं व गोड. बागा बेटभर पसरल्या आहेत.

फसगत होते ती नांवांत. "तोर्तिया" हा शब्द ऐकून आपल्याकडील मंडळी पोळी समजतात. स्पेनमध्यें ती अंडीं व बटाट्यांची जाड थापी असते. भाजीच्या रश्शांत डुकराच्या मांसाचा तुकडा "चवीपुरता" घालणें त्यांना मांसाहार वाटत नाहीं. म्हणून "शाकाहारी" एवढेंच सांगून भागत नाहीं; "सिन कार्ने, सिन हामोन, सिन पेस्कादो, सिन उएवो" — मांस, खारविलेलें डुकराचें मांस, मासा, अंडें हीं चारही नकोत — असें कागदावर लिहून वाढणाऱ्याच्या हातीं द्यावें. आम्हीं पहिल्या दिवशीं हामोन वगळलें आणि पहिल्याच ताटांत तें आलें. चीज करण्यासाठीं पुष्कळदां जनावराच्या जठरांतील विरजण वापरतात, हेंही कडक पाळणाऱ्यांनीं ध्यानीं ठेवावें. सिंधी व्यापारी या बेटांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून स्थायिक आहेत, आणि दक्षिणेकडील वस्तींत भारतीय भोजनगृहें आढळतात. पण तीं रोजच्या जेवणासाठीं नव्हेत, कंटाळा आल्यावर जाण्यासाठीं.

घरून काय न्यावें ? डाळ, मेतकूट, भाजणी, पोहे. तूप, पेढे, खवा, दुधाचा कोणताही पदार्थ नेऊं नये. युरोपाबाहेरून मांस व दुग्धजन्य पदार्थ प्रवाशाच्या सामानांत आणण्यास बंदी आहे, व सरहद्दीवर तूप काढून घेतलें गेल्यास सणावारीं वाईट वाटतें.

तेइदे पर्वताविषयीं थोडें सविस्तर लिहितों, कारण सर्व मंडळींना तोच पाहावयाचा असतो व धोकाही तेथेंच आहे. हा ज्वालामुखी ३,७१५ मीटर उंच, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून अधिक. पाळण्याची गाडी २,३५६ मीटरांवरून ३,५५५ मीटरांपर्यंत आठ मिनिटांत नेते. समुद्रकांठीं न्याहारी करून निघालेला माणूस दुपारच्या आंत इतका वर जातो, हें शरीरास मानवेलच असें नाहीं. हृदयविकाराच्या माणसांनीं, गर्भवतींनीं व अगदीं लहान मुलांनीं वर जाऊं नये, असें तेथेंही सांगतात. शेवटची वाट चढून शिखरावर जाण्यास उद्यानाचा स्वतंत्र परवाना लागतो, आणि तो फार आधीं मागावा लागतो. वारा सुटला म्हणजे गाडी बंद असते. म्हणून तो बेत शेवटच्या दिवसावर टाकूं नये.

परंतु म्हणून सासूबाईंनीं घरीं बसावें असें नाहीं. पर्वताच्या पायथ्याशीं कान्यादास नांवाचें विस्तीर्ण पठार आहे. तें २,००० मीटरांहून उंच असलें तरी मोटारीनें हळूहळू, वाटेंत थांबत जातां येतें. त्यांच्या डॉक्टरांची संमति मात्र आधीं घ्यावी. तेथें रोकेस दे गार्सिया हे उभे खडक आहेत, शेजारीं सरकारी विश्रामगृह आहे, आणि खुर्चींत बसून समोर सबंध शिखर दिसतें. हिवाळ्यांत पुष्कळदां बर्फासह. तरुणांनीं पाळण्यांतून जाऊन यावें, एकानें सासूबाईंजवळ थांबावें. एकानें म्हणजे दर वेळीं सूनबाईनेंच असें नव्हे. चिरंजीवांनींही एकदां थांबण्यास हरकत नसावी. लोकरीचे कपडे न विसरतां घ्यावे. खालीं वीस अंश असतांना वर पाणी गोठतें.

समुद्राचा धाक मुलांना घालावा. हा अटलांटिक महासागर आहे. शांत दिसला तरी आंतली ओढ मोठी. तांबडें निशाण असतां पाण्यांत पाऊल घालूं नये, व काळ्या खडकांवर लाटांकडे पाठ करून छायाचित्रें काढूं नयेत. लहानांसाठीं सांता क्रूझजवळचा तेरेसितास किनारा बरा. तेथील पिवळी वाळू १९७३ सालीं सहारांतून आणून टाकली, आणि पुढें बांध असल्यानें लाटा अडतात.

फिरण्यास ग्वाग्वा, म्हणजे तेथील हिरव्या बसगाड्या, स्वस्त व वेळेवर असतात. डोंगराकडे मात्र दिवसांतून अगदीं थोड्याच जातात. मोटार स्वतः चालवावयाची असेल तर भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवानाही हवा, आणि वाहन उजव्या बाजूनें चालवावें लागतें; घाटांतील वळणें पाहतां आम्हीं स्वतः चालक ठेवणेंच पसंत केलें. गांवांतील दुकानें दुपारीं बंद असतात. एखादा दिवस ला लागुना या जुन्या नगरास द्यावा, व एक पुएर्तो दे ला क्रूझच्या वनस्पति-उद्यानास. हें उद्यान १७८८ सालीं, उष्ण देशांतील झाडें युरोपच्या हवेस सरावावीं म्हणून, राजाज्ञेनें काढलें. तेथें वडाच्या जातीचा एक अवाढव्य वृक्ष पारंब्या सोडून उभा आहे. त्याच्या सावलींत सासूबाईंना घटकाभर बसूं द्यावें. घाई करूं नये.

बाईंनीं तारखा कळविल्यास त्या दिवसांपुरतें अधिक लिहितां येईल. फेब्रुवारींतील असतील तर त्वरेनें कळवाव्या, कारण सांता क्रूझचा कार्निव्हल बहुधा त्या सुमारास असतो व घरें महिनेमहिने आधीं भरतात. आणि अर्ज भरतांना सासूबाईंची सही त्यांच्याकडूनच करवून घ्यावी, म्हणजे त्या जात आहेत हें त्यांना त्याच दिवशीं कळेल.