हिरवा दिवा विझायच्या आत

दक्षिण कोरियात पादचाऱ्यांना रस्ता ओलांडायला हिरवा दिवा किती वेळ मिळावा, याचा हिशेब ठरलेला आहे. पाऊल उचलायला सुरुवातीचे काही सेकंद आणि पुढे रस्त्याच्या रुंदीच्या दर मीटरला एक सेकंद. म्हणजे माणूस सेकंदाला निदान एक मीटर चालतो, असं गृहीत धरलेलं. आता दुसरा आकडा पाहा. वाढत्या वयात स्नायूंचं प्रमाण आणि ताकद घटते, त्या विकाराला सार्कोपेनिया म्हणतात. आशियाई तज्ज्ञांच्या गटाने 2019 मध्ये त्याचे निकष सुधारले, तेव्हा सेकंदाला एक मीटरपेक्षा कमी चाल हे मंद चालीचं लक्षण मानलं. म्हणजे या निकषावर ज्याची चाल कमी पडते, त्याला सिग्नलही पुरत नाही. ज्येष्ठांसाठी राखलेल्या भागांत सिग्नलचा हिशेब याहून मंद चालीचा धरतात. वाहतूक खात्याला निदान एवढं तरी कळलेलं आहे.

डिसेंबर 2024 मध्ये कोरियात 65 वर्षं आणि त्यापुढच्या लोकांचं प्रमाण 20 टक्क्यांवर पोचलं. त्याआधीच, 2021 मध्ये, देशाच्या अधिकृत रोगयादीत सार्कोपेनियाचा समावेश झाला. ‘वय झालं, असं व्हायचंच’ म्हणून सोडून दिलेल्या गोष्टीची डॉक्टरांच्या कागदावर नोंद होऊ लागली, हे चांगलंच झालं. पण नाव मिळालं की मोजणारी यंत्रं येतात आणि यंत्रांमागोमाग पावडरीचे डबे येतात. शरीरात किती किलो स्नायू आहेत हे कळल्याने म्हाताऱ्या माणसाच्या दिवसात काय फरक पडतो, हा प्रश्न मात्र मागे राहतो.

त्याचं उत्तर कोरियाच्याच माहितीत आहे. तिथल्या राष्ट्रीय आरोग्य व पोषण सर्वेक्षणात जीवनमान तपासताना पाच गोष्टी विचारल्या जातात. हिंडणं-फिरणं जमतं का, अंघोळ-कपडे स्वतःचे स्वतः होतात का, रोजची कामं होतात का, दुखतं-खुपतं का आणि चिंता किंवा उदासी आहे का. ज्यांच्या हाताची पकड कमजोर, त्यांचं जीवनमान कमी भरतं, असं या माहितीवरच्या अभ्यासांत वारंवार दिसलं आहे. यात कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे मात्र सहज सांगता येत नाही. उदास माणूस घराबाहेर पडत नाही म्हणून स्नायू झिजतात, आणि स्नायू झिजले की बाहेर पडणं आणखी कमी होतं. जगभरच्या तज्ज्ञांनीही अलीकडे स्नायूंच्या वजनापेक्षा ताकदीला आधी स्थान दिलं आहे, ते मला योग्य वाटतं.

कोरियन घराची रचनाही इथे आडवी येते. खालून तापवलेली जमीन, तिला ओंडोल म्हणतात, आणि त्या जमिनीवरच बसणं, जेवणं, झोपणं. मांड्यांत जोर नसेल तर जेवून उठणं हेच संकट. मांडी घालून बसणाऱ्या आपल्याकडच्या आजी-आजोबांना हे समजावून सांगायला नको. घरी करता येईल अशी एक चाचणी याच निकषांत आहे: हात छातीशी धरून खुर्चीवरून पाच वेळा उठायचं-बसायचं. 12 सेकंद किंवा जास्त लागले, तर डॉक्टरांशी बोलावं. तोल जात असेल तर चाचणी एकट्याने करू नये.

मग कोरियातल्या ज्येष्ठांनी खावं काय? वयस्कर माणसाला दर किलो वजनामागे रोज 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिनं लागतात, असं या विषयातले तज्ज्ञ सांगतात. म्हणजे 60 किलोच्या माणसाला 60 ते 72 ग्रॅम. (मूत्रपिंडाचा विकार असेल तर हा हिशेब लागू नाही.) एकट्या राहणाऱ्या आजीने भात, सूप आणि किमचीवर दिवस काढला तर हा आकडा गाठणं कठीण. आणि कोरियात ज्येष्ठांपैकी सुमारे 40 टक्के लोक सापेक्ष दारिद्र्यात आहेत; विकसित देशांत हे प्रमाण सर्वांत वरचं. सरकारी पाहणीनुसार 2023 मध्ये सुमारे 42 हजार ज्येष्ठ रस्त्यावरचे पुठ्ठे आणि रद्दी गोळा करून विकत होते. ही माणसं दिवसभर गाडी ओढतात, तेव्हा ‘हालचाल वाढवा’ हा सल्ला त्यांना काय कामाचा? त्यांना हवं आहे अंडं, मासा, टोफू आणि विश्रांती. महागडी पावडर ज्यांना परवडते, त्यांच्या ताटात बहुधा मासा आधीच असतो.

स्नायूंची ही झीज भरून काढणारं मान्यताप्राप्त औषध अजून नाही. व्यायाम मात्र आहे. 1990 मध्ये बॉस्टनच्या एका वृद्धनिवासात दहा जणांवर छोटासा प्रयोग झाला. वयं 86 ते 96. आठ आठवडे वजनांचा व्यायाम केल्यावर त्यांच्या पायांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. नव्वदीतला स्नायूसुद्धा शिकतो, हे तेव्हा डॉक्टरांनाही नवीन होतं.

कोरियाचा स्वतःचा दाखला प्योंगचांगचा. 2018 च्या हिवाळी ऑलिंपिकमुळे नाव झालेला हा डोंगराळ, शेतीचा भाग. तिथल्या अशक्त वृद्धांसाठी 24 आठवड्यांचा कार्यक्रम राबवला गेला. गटाने व्यायाम, पोषक आहाराची जोड, अनावश्यक गोळ्या कमी करणं, नैराश्याकडे लक्ष आणि घरात पडण्याचे धोके दूर करणं, असं सगळं एकत्र. उठण्या-चालण्याच्या चाचण्यांत या लोकांचे गुण स्पष्टपणे वाढले. व्यायामाइतकंच शेजारपाजारच्यांबरोबर जमण्यानेही काम केलं असावं, असं मला वाटतं.

कोरियात ज्येष्ठांची 60 हजारांहून जास्त विरंगुळा केंद्रं गावोगावी, वस्त्यावस्त्यांत आधीच उभी आहेत. खोली आहे, माणसं रोज येतात, अनेक ठिकाणी दुपारचं जेवणही शिजतं. तिथे आठवड्यातून दोनदा प्रशिक्षित व्यायामशिक्षक पाठवायचा आणि त्या जेवणात एक अंडं वाढवायचं, याला नवी इमारत लागत नाही की नवं यंत्र. स्नायू मोजण्यावर पैसा घालण्याआधी सरकारने हा खर्च करावा, तोही गरीब वस्त्यांपासून सुरुवात करून.